स्पेनला निघण्यापूर्वी

परदेशी शिक्षण म्हटले की मराठी मध्यमवर्गीय घरापुढे आजवर मोजकीच नावे येत असत. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि थोड्या निराळ्या वाटेने जाणाऱ्यांसाठी जर्मनी. या नामावळीत आता स्पेनही स्थान मिळवू लागला आहे. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. कॅनडाने २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर संख्येची मर्यादा घातली. ब्रिटनने त्याच वर्षाच्या जानेवारीपासून बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत आणण्यास मनाई केली. अमेरिकेचा खर्च सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेला. अशा वेळी परदेशी शिक्षणाचा एखादा सल्लागार टेबलावर स्पेनचे रंगीत माहितीपत्रक ठेवतो. शुल्क कमी, हवामान सुसह्य, युरोपचे दार उघडे, शिवाय अभ्यासक्रम इंग्रजीत. आईवडील एकमेकांकडे पाहतात आणि मुलाचे वा मुलीचे डोळे चमकतात.

ते डोळे ज्या स्पेनच्या कल्पनेने चमकतात, तो स्पेन बहुतांशी २०११ साली आलेल्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या चित्रपटातला असतो. बुन्योल गावातील टोमॅटोंची उधळण, पाम्प्लोनाच्या गल्ल्यांतून बैलांपुढे धावणारे तरुण, फ्लामेंकोचा ठेका. यातले काही खोटे नाही. परंतु बुन्योलचा तो सोहळा वर्षातून एकदा, ऑगस्टच्या अखेरच्या बुधवारी, तासाभरात उरकतो आणि पाम्प्लोनाचा उत्सव जुलैतील नऊ दिवसांचा असतो. विद्यार्थ्याला तिथे उरलेले वर्ष काढायचे असते. महाराष्ट्रात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलाने केवळ अनंत चतुर्दशीची मिरवणूक पाहून मुंबईची कल्पना करावी, तसाच हा प्रकार आहे.

चित्रपटाने लावलेली अपेक्षा फारशी घातक नसते, पहिल्या थंडीतच ती ओसरते. घातक असते ती दुसरी अपेक्षा. ती सल्लागाराच्या एका वाक्यात दडलेली असते: ‘स्पॅनिशची काळजी नको, तिथे राहिल्यावर ती आपोआप येते.’

या ‘आपोआप’ शब्दावर विसंबून मध्यमवर्गीय घरे आपली आयुष्याची बचत लावत आहेत, म्हणून त्याचा विचार थोडा खोलात जाऊन करायला हवा. राहण्याने भाषा येते हा समज किती फोल आहे, हे मराठी माणसाला सांगण्याची खरे तर आवश्यकता नाही. तीस-तीस वर्षे मुंबईत राहून, तिथेच व्यवसाय थाटून, मुलाबाळांची लग्ने करूनही ज्यांना मराठीचे एक वाक्य धड बोलता येत नाही, अशी माणसे प्रत्येकाच्या परिचयात असतात. त्यांना मराठी येत नाही याचे कारण बुद्धीची उणीव नव्हे, तर त्यांचे मराठीवाचून कधी अडलेच नाही. इंग्रजीतून शिकणारा, चार भारतीय मुलांसोबत एका घरात राहणारा, रात्री हिंदी मालिका पाहणारा विद्यार्थी माद्रिदमध्ये अगदी हेच करतो. दोन वर्षांनी त्याला ‘ओला’ आणि ‘ग्रासियास’ येते, दुकानात बोट दाखवून वस्तू मागता येते. पदवी हाती पडते, आणि नोकरी शोधू लागल्यावर प्रत्येक दारावर एकच प्रश्न विचारला जातो, तोही स्पॅनिशमध्ये.

शिकत असताना काम करून खर्च भागवू, ही आशाही इथेच येऊन थबकते. २०२२ च्या सुधारणेनंतर स्पेनमध्ये उच्च शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करण्याची मुभा आहे. कायद्याने मुभा दिली खरी, पण उपाहारगृहात गिऱ्हाइकाची मागणी ऐकून लिहून घेणे, दुकानात हिशेब सांगणे, वृद्धांची सोबत करणे, यातले एकही काम भाषेवाचून होत नाही. व्हिसासाठी खर्चाची तरतूद दाखवावी लागते तिचा किमान आकडा महिन्याला ६०० युरो इतका धरला जातो. माद्रिद किंवा बार्सेलोनात खोलीचे भाडेच त्यातला बराचसा घास घेते. सालामान्का, वायादोलिद, ग्रानादा अशी जुनी विद्यापीठांची गावे त्या मानाने परवडतात. आणि तिथे इंग्रजी बोलणारे कमी भेटतात, हा भाषा शिकू इच्छिणाऱ्याचा लाभच समजायचा.

जर्मनीच्या बाबतीत आपल्याकडे असे होत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुण्यातील मुलगा जर्मनीला निघाला तर तो आधी मॅक्सम्युलर भवनाची पायरी चढतो. एक परीक्षा, दुसरी परीक्षा असे टप्पे पार करतो. घरच्यांनाही त्यात काही वावगे वाटत नाही, कारण जर्मन आणि जपानी शिकण्याची परंपरा पुण्यात काही पिढ्यांपासून रुजलेली आहे. स्पॅनिशची तशी परंपरा महाराष्ट्रात निर्माण झाली नाही. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि हैदराबादच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठात ती आहे. स्पेन सरकारच्या इन्स्तितुतो सेर्वान्तेस या भाषासंस्थेचे केंद्र दिल्लीत २००९ साली सुरू झाले. युरोपीय मोजमापाप्रमाणे भाषेच्या सहा पायऱ्या असतात. विद्यापीठात स्पॅनिश माध्यमातून शिकायचे तर साधारणपणे चौथी पायरी गाठलेली असावी लागते. तिथवर जायला नेटाचा दीड-दोन वर्षांचा अभ्यास लागतो. पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांत तो सहज होऊ शकतो आणि त्याचा खर्च स्पेनमधील दोन महिन्यांच्या भाड्याहून क्वचितच अधिक असेल.

मराठीची शिदोरी

आणि इथे एक गोष्ट अशी आहे जी कोणताही सल्लागार सांगत नाही, कारण त्याला ती ठाऊक नसते. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्यापेक्षा मराठीतून स्पॅनिश शिकणारा कित्येक ठिकाणी पुढे असतो.

इंग्रज विद्यार्थ्याला ‘मे गुस्ता ला मूसिका’ हे वाक्य उमगायला आठवडा लागतो, कारण त्याच्या भाषेत आवडणारा माणूस हाच कर्ता असतो. मराठी मुलाला ते तत्क्षणी कळते: ‘मला संगीत आवडते.’ रचना तीच. ‘मे पारेथे’ म्हणजे ‘मला वाटते’, इथेही तीच. क्रियापदावरून कर्ता कळत असल्याने स्पॅनिश माणूस ‘मी’ हा शब्द बहुधा गाळतो, आपणही ‘येतो’, ‘जाते’, ‘करीन’ एवढेच म्हणतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना रडवणारा जो आशार्थक क्रियारूपांचा प्रकार आहे, त्याचा मराठी भाऊ आपल्या विध्यर्थात बसलेला आहे. ‘एस्पेरो के वेंगा’ या वाक्याचे ‘तो यावा अशी आशा आहे’ याहून नेमके रूपांतर जगातल्या फार थोड्या भाषांत होत असेल. उच्चारांचेही तसेच आहे. स्पॅनिशमधले ‘त’ आणि ‘द’ हे आपल्यासारखे दंत्य आहेत, इंग्रजीसारखे ‘ट’, ‘ड’कडे झुकणारे नव्हेत. नामांना लिंगे आहेत, पण दोनच. तीन लिंगे सांभाळणाऱ्या मराठी मुलाने त्याची तक्रार करू नये.

शब्दांची तर जुनी ओळख आहे. गोव्यातून आणि वसईतून पोर्तुगीज भाषेने मराठीत जे शब्द पेरले, त्यांची सख्खी भावंडे स्पॅनिशमध्ये भेटतात. आपला पाव तिथे ‘पान’ होतो, बटाटा ‘पाताता’ होतो, आणि महिन्याच्या एक तारखेची वाट पाहायला लावणारा आपला पगार तिथे ‘पागार’, म्हणजे पैसे चुकते करणे, या क्रियापदात उभा असतो.

अर्थात सारेच सोपे नाही. ‘असणे’ या अर्थाची दोन वेगळी क्रियापदे आहेत, त्यांतले कोणते केव्हा वापरायचे याचा उलगडा वर्षभर होत नाही. आंदालुसियात लोक शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळून टाकतात, त्यामुळे दिल्लीत ध्वनिफितींवर शिकलेले स्पॅनिश सेविय्यात उतरल्यावर परके वाटते. मेक्सिको वा अर्जेंटिनाला जाणाऱ्याला आणखी निराळे उच्चार ऐकावे लागतात. पहिले तीन महिने बहुतेक विद्यार्थ्यांना मुक्या माणसासारखे काढावे लागतात. वर्गात पहिला येणारा, वक्तृत्व स्पर्धेत ढाली मिळवणारा मुलगा तिथल्या चार वर्षांच्या पोराइतकेही बोलू शकत नाही. हा अपमान पचवण्याची तयारी ज्याच्या मनाची झालेली असते, तोच भाषा शिकतो. ज्याची नसते तो इंग्रजी बोलणाऱ्यांच्या टोळक्यात आसरा घेतो आणि मग तिथून बाहेर पडत नाही. आशा ठेवणे आणि वाट पाहणे या दोन्ही क्रियांना स्पॅनिशमध्ये ‘एस्पेरार’ हा एकच शब्द आहे.

‘तू’ आणि ‘तुम्ही’

संस्कृतीचा पहिला धक्का अन्नाचा नसतो, संबोधनाचा असतो. स्पॅनिशमधला ‘तू’ हा मराठीतला ‘तू’च आहे. उच्चारही तोच, अर्थही तोच. आदरार्थी ‘उस्तेद’ आहे, पण स्पेनमध्ये त्याचा वापर झपाट्याने मागे पडला आहे. विद्यापीठात विद्यार्थी प्राध्यापकांना त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारतात आणि ‘तू’ म्हणतात. गुरुजनांना ‘सर’, ‘मॅडम’, ‘तुम्ही’ म्हणत वाढलेल्या मुलाची जीभ इथे अडखळते. त्याला ते उद्धटपणाचे वाटते. परंतु तो उद्धटपणा नाही, ती तिथली आपुलकीची रीत आहे. उलट सतत ‘उस्तेद’ म्हणत राहिले तर समोरच्याला दुरावा जाणवतो. मात्र हाच विद्यार्थी कोलंबियात बोगोटाला गेला तर तिथे घरातली माणसेही एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणताना आढळतील, आणि अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘वोस’ ऐकू येईल. ‘अगं-जावं’ कुठे चालते आणि ‘अहो-जाहो’ कुठे लागते, याचे भान विदर्भातून कोकणात सून म्हणून गेलेल्या मुलीला जसे ऐकून-ऐकून येते, तसेच हेही येते.

नावाचा घोळ वेगळाच. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात, पहिले वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे. विवाहानंतर स्त्री आपले आडनाव बदलत नाही. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी पद्धत. तिथला कारकून तीन शब्द पाहतो आणि मधले वडिलांचे नाव हे पहिले आडनाव असल्याचे गृहीत धरून तशी नोंद करतो. मग बँकेत एक नाव, विद्यापीठात दुसरे आणि ओळखपत्रावर तिसरे असा प्रकार घडू शकतो. पासपोर्टवर जसे आहे तसेच नाव सर्वत्र लिहिले जावे, यासाठी पहिल्या दिवसापासून जागरूक राहणे श्रेयस्कर. सहा महिन्यांहून अधिक मुक्काम असेल तर पोहोचल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो आणि नगरपालिकेत निवासाची नोंदही करावी लागते. दोन्हींसाठी आगाऊ वेळ मिळवावी लागते, आणि ती मिळता मिळत नाही. सरकारी कचेऱ्यांबाबत युरोपविषयी ज्या काही उदात्त कल्पना असतील त्या इथे गळून पडतात. भारतीय विद्यार्थ्याला मात्र यात काही नवीन वाटण्याचे कारण नाही.

जेवणाची वेळ दुपारी दोन-तीनची, रात्रीची नऊ-दहाची. यामागे केवळ आळस वा चैन आहे असे मानणे चुकीचे ठरेल. भूगोलाने स्पेन इंग्लंडच्या रेखांशावर आहे, पण फ्रँकोच्या राजवटीत १९४० साली घड्याळे एक तास पुढे करून मध्य युरोपाशी जोडली गेली, ती परत मागे आलीच नाहीत. उन्हाळ्यात माद्रिदमध्ये सूर्य पावणेदहाला मावळतो. पोट घड्याळाकडे पाहत नाही, सूर्याकडे पाहते, इतकाच त्याचा अर्थ.

शाकाहारी मुलांच्या मातांची चिंता रास्त आहे. ‘मी मांस खात नाही’ असे सांगितल्यावर ताटात मासा वा हॅमचे तुकडे येऊ शकतात, कारण अनेकांच्या लेखी ‘मांस’ या शब्दात ते बसत नाहीत. मसुराच्या आमटीतही बहुधा डुकराच्या मांसाचे सॉसेज असते. म्हणून काय काय चालत नाही हे एकेक नाव घेऊन सांगावे लागते. एकदा सांगितले, की यजमान गृहिणी ते मनावर घेते. हरभरे, मसूर, वांगी, टोमॅटो, ऑलिव्हचे तेल यांची तिथे रेलचेल आहे. एक गंमत मात्र ध्यानात ठेवावी. स्पेनमध्ये ‘तोर्तिय्या’ मागवली तर अंडी-बटाट्याचा जाड पोळा येतो आणि मेक्सिकोत मागवली तर मक्याची पातळ भाकरी. वऱ्हाडी ठेच्यात सहज मिसळून जाईल अशी ही दुसरी. ज्या मिरचीवाचून ठेचा होत नाही ती मिरचीही मूळची त्याच भूमीतली.

कुटुंबाविषयीची एक भीती मात्र निराधार आहे. युरोप म्हणजे कुटुंबसंस्था मोडलेला प्रदेश, असे सरसकट समीकरण आपल्याकडे मांडले जाते. स्पेनला ते लागू पडत नाही. तिथली तरुण मुले सरासरी तिशीपर्यंत आईवडिलांच्या घरी राहतात. त्यात घरभाड्याच्या महागाईचा वाटा आहे, तसाच नात्यांच्या ओढीचाही. रविवारी आजीकडे जेवायला तीन पिढ्या जमतात. पवित्र सप्ताहात सेविय्याच्या गल्ल्यांतून ख्रिस्ताच्या आणि मेरीच्या मूर्तींचे जड देव्हारे माणसे मानेवर पेलून नेतात, आणि ते पाहताना मराठी मुलाला पालखीचे भोई आठवल्यावाचून राहत नाहीत. त्या मिरवणुकीतील टोकदार टोप्यांचे बुरखे पाहून कुणी अमेरिकेतील वंशद्वेष्ट्यांची आठवण काढून घाबरू नये. ही पश्चात्तापाची जुनी वेशभूषा आहे आणि त्यांच्याहून कित्येक शतके वडील आहे.

एक देश, अनेक वाणी

स्पेनमध्ये सारे स्पॅनिश बोलतात ही आणखी एक ढोबळ समजूत. बार्सेलोनाच्या विद्यापीठात प्रवेश घेतलेला विद्यार्थी वर्गात जाऊन बसतो आणि प्राध्यापक कातालान भाषेत बोलू लागतात. ज्या भाषेला आपण स्पॅनिश म्हणतो तिला तिथे अनेकजण ‘कास्तेय्यानो’, म्हणजे कास्तिया प्रांताची भाषा, असे म्हणतात. फ्रँकोच्या काळात, १९३९ ते १९७५ या वर्षांत, कातालान, बास्क आणि गालिसियन भाषांना शाळांतून आणि कचेऱ्यांतून हद्दपार करण्यात आले होते. १९७८ च्या राज्यघटनेने कास्तेय्यानोला संपूर्ण देशाची राजभाषा म्हणून कायम ठेवत इतर भाषांना आपापल्या स्वायत्त प्रदेशांत राजभाषेचा दर्जा दिला. त्यानंतर त्या समाजांनी आपल्या भाषा शाळेत, विद्यापीठात, दुकानाच्या पाटीवर ज्या चिकाटीने परत आणल्या, तो मराठीच्या अभिमान्यांनी अभ्यासावा असा विषय आहे. कातालोनियातील फुटीर राजकारण हा त्याच नाण्याचा दुसरा चेहरा आहे आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु भाषा टिकवणे आणि देश तोडणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे पाहायला विद्यार्थ्याला बार्सेलोनाइतकी दुसरी चांगली शाळा मिळणार नाही. फक्त स्पॅनिश शिकणे हाच हेतू असेल तर सालामान्का बरे. १२१८ साली स्थापन झालेले ते विद्यापीठ स्पेनमधील सर्वांत जुने. तेथे शिकलेल्या आणि शिकवलेल्या नेब्रिहा या पंडिताने १४९२ साली कास्तियाच्या भाषेचे पहिले व्याकरण प्रसिद्ध केले. त्या विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरील कोरीवकामात कवटीवर बसलेला एक दगडी बेडूक आहे. तो मदतीवाचून शोधून काढणारा विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होतो, असे तेथे मानतात. भाबडेपणा सर्व देशांत सारखाच.

१४९२ हे वर्ष आणखी एका कारणाने आठवते. त्याच वर्षी हिंदुस्थान शोधायला निघालेला कोलंबस भलत्याच किनाऱ्यावर पोहोचला आणि तेथल्या लोकांना त्याने ‘इंडिओ’ ठरवले. ती चूक भाषेत कायमची रुतून बसली. अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांसाठी ‘इंडिओ’ हा शब्द खर्ची पडल्याने भारतातून आलेल्या माणसाला काय म्हणायचे, हा प्रश्न स्पॅनिश भाषकांपुढे उरला. त्यांनी, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, त्यावर सोपा तोडगा काढला. ते भारतातून आलेल्या प्रत्येकाला, मग त्याचा धर्म कोणताही असो, ‘हिंदू’ म्हणतात. स्पॅनिश भाषेच्या राजअकादमीनेही, अर्थाचा घोटाळा होत नसेल तिथे, हा वापर मान्य केलेला आहे. ‘हिंदू’ या शब्दाच्या व्याप्तीवरून आपल्याकडे जे वाद झडतात, त्यांची गंधवार्ताही नसलेली मेक्सिकोतील भाजीवाली तो शब्द भूमीवाचक अर्थाने सहज वापरते. तिथे उतरलेल्या भारतीय मुलाने चकित होऊ नये.

वर्ध्याचा माणूस मेक्सिकोत

स्पॅनिशभाषी देशात गेलेल्या मराठी माणसाचा विषय निघाला की पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव टाळता येत नाही, आणि तरीही आजच्या किती तरुणांना ते ठाऊक आहे याची शंका वाटते. १८८४ साली वर्ध्यात जन्मलेला हा क्रांतिकारक देशाच्या स्वातंत्र्यासाठी लष्करी शिक्षण घ्यावे या ध्यासाने जपानमार्गे अमेरिकेत पोहोचला. तेथे शेतीशास्त्र शिकला. गदर चळवळीच्या आरंभीच्या संघटकांत त्याची गणना होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर इंग्रजांविरुद्ध लढला. मायदेशाचे दार बंद झाले, आणि १९२४ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो मेक्सिकोत येऊन स्थिरावला.

तिथे त्याच्यापाशी इंग्रजी पदव्या होत्या, पण त्या पदव्यांची भाषा कुणाला नको होती. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवायचे ते स्पॅनिशमधून. मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले. एवढ्यावर न थांबता गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या, आणि त्या शाळांत बसणारा शेतकरी इंग्रजीचा एक शब्द जाणणारा नव्हता. दिएगो रिवेरासारख्या जगद्विख्यात चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटून खाणाऱ्या माणसांचे चित्र काढले, त्यात खानखोज्यांना स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले. १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. २०२२ साली भारताच्या लोकसभाध्यक्षांच्या हस्ते चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

स्पॅनिश ही सुमारे ५० कोटी माणसांची मातृभाषा आहे आणि वीस देशांत ती राज्यकारभाराची भाषा आहे. त्या देशांशी भारताचे काम आता वाढत चालले आहे. सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांचा ५६ विमानांचा करार २०२१ साली झाला. त्यांपैकी १६ सेविय्यात आणि ४० वडोदऱ्यात बांधायची ठरली, आणि वडोदऱ्याच्या कारखान्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी एकत्र केले. त्याच भेटीत २०२६ हे वर्ष भारत आणि स्पेन यांचे संस्कृती, पर्यटन व कृत्रिम बुद्धिमत्तेचे वर्ष म्हणून जाहीर झाले. जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनातील कातामार्का प्रांतात लिथियमच्या पाच क्षेत्रांचा शोध घेण्याचा करार भारताच्या सरकारी कंपनीने केला. तिथला खाणकायदा, प्रांतिक सरकारचा पत्रव्यवहार, गावकऱ्यांच्या तक्रारी, सारे स्पॅनिशमध्ये. अशा ठिकाणी आपल्या बाजूने बोलणारा माणूस आपलाच असावा, की दरवेळी तिसऱ्या देशातला मध्यस्थ शोधावा? अभियांत्रिकी, शेतीशास्त्र वा कायदा जाणणारा आणि स्पॅनिश लिहू-वाचू शकणारा मराठी तरुण आज दुर्मीळ आहे, आणि त्यातच त्याची संधी आहे. इंग्रजी माध्यमातून एक पदवी घेऊन स्पेनहून परतलेला तरुण मात्र पुण्यातल्या हजारो पदवीधरांत आणखी एकाची भर घालतो.

पदवीबद्दलही एक खबरदारी सांगितली पाहिजे. स्पेनमध्ये शासनमान्य, म्हणजे ‘ओफिसियाल’, पदव्युत्तर पदवी वेगळी आणि एखाद्या विद्यापीठाने वा संस्थेने स्वतःच्या अधिकारात दिलेली ‘प्रोपिया’ पदवी वेगळी. दुसऱ्या प्रकारचे अभ्यासक्रमही काही वेळा चांगले असतात, परंतु त्यांच्या आधारावर पीएच.डी.चा मार्ग सहसा उघडत नाही आणि भारतात समकक्षता मिळवताना अडचण येऊ शकते. इंग्रजीतून शिकवले जाणारे आणि मोठ्या शुल्काचे पुष्कळ अभ्यासक्रम या दुसऱ्या गटात मोडतात. सल्लागारापुढे बसलेल्या आईवडिलांनी माहितीपत्रकावरील चकचकीत इमारतीकडे न पाहता हा एक शब्द तेवढा लेखी मागून घ्यावा. तो लेखी मिळत नसेल तर चहा घेऊन उठावे.

राहण्याची व्यवस्था करताना पहिल्या सहा महिन्यांसाठी तरी स्पॅनिश कुटुंबात खोली मिळते का हे पाहावे. भारतीय मुलांच्या सामायिक घरापेक्षा ती थोडी महाग पडेल, आणि पोळी-भाजीचा आनंद मिळणार नाही. पण भाषा जिथे खरोखर शिकली जाते ती जागा वर्ग नसून जेवणाचे टेबल आहे. दुपारचे जेवण संपल्यावर ताटे बाजूला सारून माणसे तासभर बसून बोलत राहतात. राजकारण, फुटबॉल, शेजाऱ्याचे लग्न, आजीचे गुडघे. या बसण्याला स्पॅनिशमध्ये ‘सोब्रेमेसा’ असे स्वतंत्र नाव आहे. नवख्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात त्यातले काही कळत नाही, दुसऱ्यात निम्मे कळते, आणि तिसऱ्या महिन्यात केव्हातरी तो एका विनोदावर इतरांबरोबरच हसतो.

हिवाळ्यात स्पेनचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. घरी रात्रीचे जेवण आटोपून आई आठ वाजता फोन लावते, तेव्हा तिथे दुपारचे साडेतीन झालेले असतात आणि ती बैठक नेमकी रंगात आलेली असते. मूल टेबलावरून उठून खोलीत जाते आणि तासभर मराठीत बोलत बसते. आठवड्यातून सहा दिवस तो फोन रात्री साडेदहानंतर केला, तर आईची झोप थोडी उशिराने होईल.